सालगडी मिळेनासा झाला, त्याचा अर्थ

गुढीपाडवा आला की मराठवाड्यात आणि विदर्भात सालगड्याचे साल ठरते. मालकाच्या ओसरीवर बसून वर्षाची रक्कम, ज्वारीची पोती, कपड्यांचा जोड आणि आगाऊ उचल यांचा तोंडी करार व्हावा, ही तिकडची पूर्वापार रीत. परंतु गेली कित्येक वर्षे त्या सुमारास कोणत्याही गावी गेले तरी एकच तक्रार कानी पडते, ती ही की, माणूस मिळत नाही, आणि मिळालाच तर त्याचे मागणे परवडत नाही. शहरात तक्रार असते ती याच्या अगदी उलट. २०२३ साली तलाठ्यांच्या सुमारे साडेचार हजार जागांसाठी दहा लाखांहून अधिक पदवीधरांनी अर्ज केले, तेव्हा ज्या घरात मुलाच्या पदवीसाठी जमिनीचा तुकडा गहाण पडला होता, त्या घरातल्या बापाने, हे शिक्षण कशासाठी केले, असे विचारले असेल, तर त्यात अस्वाभाविक काही नाही. या दोन तक्रारी एकत्र करून, शिक्षण फार झाले, गरजेपेक्षा अधिक झाले, आता थोडे आवरते घ्यावे, असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ लोक मला भेटतात. त्यांत जमीनदार आहेत, प्राध्यापक आहेत आणि निवृत्त सरकारी अधिकारीही आहेत. हा निष्कर्ष चुकीचा आहे, इतकेच नव्हे तर तो अमलात आणला गेल्यास ज्यांच्या पायाखालची जमीन आत्ता कुठे थोडी घट्ट होऊ लागली आहे त्यांनाच तो पुन्हा चिखलात लोटील, असे माझे मत आहे.

मजुरीचा दर मजुराच्या अंगमेहनतीवर ठरतो तितकाच तो, त्याच्यासारखे दुसरे किती हात त्याच कामासाठी ताटकळत उभे आहेत, यावरही ठरतो. ज्या गावातील शंभर मुलांपैकी नव्वद मुले अक्षरशत्रू राहून गुरांमागे जातात, त्या गावात पुढे नव्वद तरुणांना नांगर, फावडे आणि डोक्यावरचे ओझे यांखेरीज दुसरी वाट नसते, आणि म्हणून मालकाने देऊ केलेला रोज मुकाट्याने घेण्यावाचून त्यांना गत्यंतरही नसते. परंतु त्या नव्वदांतली पन्नास मुले जर दहावी-बारावीपर्यंत जाऊन कोणी दुकानात, कोणी कारखान्यात, कोणी मोटार चालवायला लागली, तर मागे राहिलेल्या चाळीस जणांचा भाव, त्यांनी स्वतः एक अक्षरही गिरवलेले नसताना, वाढतो. शिक्षणाच्या प्रसाराचा हा लाभ हिशेबाच्या वहीत कोणी मांडत नाही, कारण तो शिकलेल्याच्या नावावर जमा होत नाही. तो जमा होतो न शिकलेल्याच्या नावावर, त्या शेजाऱ्याच्या घरात, ज्याच्या मुलाला शाळा लाभली नाही. पाडव्याला मालकाच्या ओसरीवर बसून, यंदा एवढ्यावर भागणार नाही, असे मान वर करून सांगणारा सालगडी हा या लाभाचा धनी आहे; आणि त्याचे ते सांगणे ही मी तरी गेल्या दोन पिढ्यांतील आपल्या समाजाची मोठी कमाई मानतो.

अर्थात मालकाच्या बाजूलाही काही न्याय आहे, हे नाकारून चालणार नाही. ज्याच्याजवळ पाच-सात एकर कोरडवाहू आहे, ज्याच्या सोयाबीनला आणि कापसाला लागवडीचा खर्चही निघेल असा भाव मिळत नाही, त्याला वाढलेली मजुरी खरोखरच जड जाते, आणि त्याचे दुःख खोटे नाही. परंतु त्या दुःखाचे मूळ शेतमालाच्या भावात, पाण्यात आणि कर्जात आहे. त्याची भरपाई शेजारच्या झोपडीतल्या मुलाने शाळा सोडून करावी, ही मागणी कोणत्याही न्यायासनापुढे टिकणारी नाही.

ही गोष्ट आपल्याकडे सर्वांत आधी आणि सर्वांत स्पष्ट ज्याने पाहिली तो पुरुष अर्थशास्त्राचा पंडित नव्हता. जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन सादर केले, त्यात त्यांनी सरकारला प्रथम हाच हिशेब विचारला होता की, खजिन्यात येणारा महसूल मुख्यतः रयतेच्या घामातून येतो, मग तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होऊन रयतेची मुले मात्र कोरडी का राहतात. वरच्या थराला शिकवले म्हणजे ज्ञान आपोआप खाली झिरपेल, या त्या काळच्या राजमान्य सिद्धान्तावर त्यांचा विश्वास नव्हता. बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी त्यांनी केली. आणि तिच्याबरोबरच, गरीब आईबापांना गुरे राखण्यासाठी मुलांची गरज असते, सबब त्यांना शाळेकडे वळवायचे तर शिष्यवृत्त्या आणि वार्षिक किंवा सहामाही बक्षिसे ठेवावी लागतील, असेही सांगितले. त्या एका सूचनेत जी व्यवहारदृष्टी आहे ती नंतरच्या कित्येक आयोगांच्या जाडजूड अहवालांत मला आढळली नाही. शाळेत जाणारे मूल म्हणजे घरातून एक मजुरी कमी होणे, ही गोष्ट फुल्यांना ठाऊक होती, कारण ते त्या घरांत जात-येत होते.

पुढचा इतिहास मराठी वाचकाला परिचित आहे. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ साली अमरेली भागात प्रयोग करून १९०६ साली सबंध बडोदे संस्थानात सक्तीचे शिक्षण आणले. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली मध्यवर्ती कायदेमंडळात त्याच आशयाचे विधेयक मांडले आणि १९१२च्या मार्चमध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. छत्रपती शाहूंनी १९१७ साली करवीर संस्थानात मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा करून, मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठरवला. त्यानंतर दोनच वर्षांनी कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली, अमरावतीस पंजाबराव देशमुखांनी श्री शिवाजी शिक्षण संस्था उभारली, १९४६ साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईस सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५०त औरंगाबादेस मिलिंद महाविद्यालय काढले. आणि यशवंतराव चव्हाणांच्या कारकिर्दीत, १९५९ साली, आर्थिकदृष्ट्या मागासलेल्यांना फीमाफी देणारी ई.बी.सी.ची सवलत निघाली, जिच्या आधाराने या राज्यातील शेतकरी कुटुंबांतल्या अगणित मुलांनी महाविद्यालयाचा उंबरठा प्रथम ओलांडला. १९६१ साली महाराष्ट्रात शंभरांतील सुमारे पस्तीस माणसे साक्षर होती. २०११च्या जनगणनेत ती ब्याऐंशीवर गेली.

या सर्व प्रयत्नांत एक गोष्ट समान होती. शिक्षणाचा खर्च राजाच्या खजिन्याने, समाजाच्या वर्गणीने, संस्थेच्या झोळीने किंवा ‘कमवा आणि शिका’ या योजनेत मुलाच्या स्वतःच्या श्रमाने भागवला जात होता. मुलगा नोकरीला लागेल आणि मग फेडील, या आशेवर सावकाराच्या कागदाने तो भागवला जात नव्हता. हा भेद लक्षात ठेवावा, कारण पुढे जे बिघडले ते नेमके येथे बिघडले.

शिक्षणप्रसाराचा मजुरीवर काय परिणाम होतो, याचा काटेकोर अभ्यास अलीकडच्या काळात झाला आहे. १९७३ साली तेलाचे भाव भडकल्यावर इंडोनेशियाच्या सरकारने त्या पैशातून पाच-सहा वर्षांत एकसष्ट हजारांहून अधिक प्राथमिक शाळा बांधल्या. पुढे नोबेल पारितोषिकाच्या मानकरी ठरलेल्या एस्तेर द्युफ्लो यांनी त्या शाळांतून गेलेल्या पिढीचा मागोवा घेतला, तेव्हा जेथे शाळा अधिक बांधल्या गेल्या तेथील मुले अधिक शिकली आणि मोठेपणी त्यांची मिळकतही वाढली, असे दिसून आले. परंतु त्याच भागातील त्यांच्याहून वडीलधारी जी माणसे होती, त्यांचे वेतन नव्या शिकलेल्या मुलांच्या स्पर्धेमुळे इतर भागांच्या मानाने मागे पडले, असेही त्यांना पुढील अभ्यासात आढळले. आपल्याकडे १९९४ साली जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम सुरू झाला; १९९१च्या जनगणनेत ज्या जिल्ह्यांतील स्त्रियांची साक्षरता राष्ट्रीय सरासरीहून, म्हणजे सुमारे ३९ टक्क्यांहून, कमी भरली होती, असे जिल्हे त्यासाठी निवडले गेले आणि त्यांत मराठवाड्यातील लातूर, नांदेड, परभणी हे जिल्हे होते. या कार्यक्रमाचा लाभ देशभर कोणाला झाला आणि तोटा कोणाला झाला, याची अर्थशास्त्रीय छाननी झाली तेव्हा तीच गोष्ट अधिक स्पष्ट दिसली. शिकलेल्या मुलांची मिळकत वाढली. न शिकलेल्यांचीही वाढली, कारण त्यांच्यासारखे हात कमी झाले. आणि जे आधीपासून शिकलेले होते त्यांच्या शिक्षणाचे मोल मात्र थोडे उतरले.

हे शेवटचे वाक्य पुन्हा वाचावे, अशी माझी विनंती आहे, कारण शिक्षण फार झाले, या ओरडीचा उगम त्याच्यात आहे. गावात एकच मॅट्रिक झालेला माणूस असतो, तेव्हा पत्र वाचून घ्यायला, अर्ज लिहून घ्यायला आणि तहसील कचेरीत शब्द टाकायला सगळे गाव त्याच्याच दाराशी येते, आणि त्याच्या विद्येला जी किंमत मिळते तिच्यातला मोठा भाग विद्येचा नसून दुर्मीळतेचा असतो. ही दुर्मीळता निसर्गाने निर्माण केलेली नव्हती. ज्यांना शाळेच्या दाराबाहेर उभे केले गेले त्यांच्या वंचनेतून ती निर्माण झाली होती. ती कमी झाली म्हणून ज्यांचा भाव उतरला त्यांना मी दोष देत नाही, आपल्या मुलांच्या भविष्याची चिंता सर्वांनाच असते. परंतु त्यांच्या तोट्याला समाजाचा तोटा म्हणता येत नाही. विषमता कमी होते तेव्हा ती एका बाजूने वर उचलली जाऊन आणि दुसऱ्या बाजूने थोडी खाली येऊनच कमी होते.

तरीही तलाठ्याच्या जागेसाठी अर्ज करणाऱ्या त्या दहा लाखांना एवढे सांगून मोकळे होणे हा निर्दयपणा होईल. त्यांच्यापैकी बहुसंख्य हे जुन्या विद्यावंतांचे वंशज नाहीत. घरातली पहिली पदवी मिळवणारी मुले आहेत. त्यांच्या वाट्याला जी निराशा आली तिचे कारण शिक्षणाचा प्रसार हे नसून, तो प्रसार कोणाच्या पैशाने आणि कोणत्या रीतीने केला गेला, हे आहे.

१९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित तत्त्वावर अभियांत्रिकी व वैद्यकीय महाविद्यालयांना परवानगी दिली. परराज्यात जाऊन देणग्या भरणाऱ्या मुलांना घरच्या घरी सोय व्हावी, हा त्यामागचा हेतू होता, आणि पश्चिम महाराष्ट्रातील कित्येक गावांतून त्यामुळे अभियंते निघाले, हे कबूल केले पाहिजे. परंतु त्या निर्णयाने राज्याने एक जुना करार मोडला. तोपर्यंत शिक्षणाचा विस्तार म्हणजे सार्वजनिक खर्चाचा विस्तार, असा अर्थ होता. यापुढे तो कुटुंबाच्या कर्जाचा विस्तार झाला. पुढे अध्यापक विद्यालये त्याच वाटेने गेली, माध्यमिक शाळांनाही ‘कायम विनाअनुदानित’ या अटीवर मान्यता मिळू लागली, आणि २००९ साली त्यातला ‘कायम’ हा शब्द गळाला तरी अनुदानाचा टप्पा गाठण्यासाठी शिक्षकांना वर्षानुवर्षे आझाद मैदानावर बसावे लागले.

शिक्षणाच्या प्रसाराने वेतन कसे घसरते, याचे आपल्या राज्यातील सर्वांत बोलके उदाहरण स्वतः शिक्षकच आहे. शाळा वाढल्या, म्हणजे शिक्षकाची मागणी वाढली, म्हणजे त्याचा पगार वाढायला हवा होता. झाले उलट. डी.एड. करून बाहेर पडणाऱ्यांची संख्या भरतीच्या कित्येक पटींनी फुगली, आणि ती फुगलेली रांग पाहून सरकारने २००० साली शिक्षणसेवकाची योजना आणली, जिच्यात प्राथमिक शाळेतील नव्या शिक्षकाने तीन वर्षे दरमहा ३,००० रुपये मानधनावर पूर्ण वेळ शिकवावे, असे ठरले. ते मानधन पुढे ६,००० झाले आणि २०२३पासून १६,००० आहे. महाविद्यालयांत याहून बिकट स्थिती आहे. सेट-नेट उत्तीर्ण झालेला, कधीकधी विद्यावाचस्पती ही पदवी मिळवलेला माणूस तासिका तत्त्वावर तासाला मोजून पैसे घेतो, उन्हाळ्याच्या सुटीत त्याला काहीच मिळत नाही, आणि त्याच विभागात पूर्णवेळ प्राध्यापकाची जागा वर्षानुवर्षे रिकामी असते. येथे वेतन खाली आले ते बाजाराच्या नियमाने आले, असे म्हणणे मला मान्य नाही, कारण या बाजारात मालक एकच आहे आणि तो सरकार आहे. रांग लांब आहे म्हणून त्याने दर पाडला. ती रांग निर्माण करणाऱ्या विद्यालयांना मान्यताही त्यानेच दिली होती.

यात सर्वांत मोठी हानी झाली ती पुन्हा तळाच्या मुलाची. जो शिक्षक संध्याकाळी दुसऱ्या कामाला जातो, ज्याची उमेद पस्तिशीतच संपली आहे, त्याच्या हाताखाली शाळेचा विस्तार पटावर होतो, मुलाच्या डोक्यात होत नाही. ‘प्रथम’ या संस्थेच्या ‘असर’ पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागात पाचवीतील निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीचे पुस्तक नीट वाचता येत नाही. अशा मुलाला आठवीपर्यंत वर चढवले तरी श्रमाच्या बाजारात तो अशिक्षितच राहतो, आणि मग ना त्याची स्वतःची मजुरी वाढते, ना त्याच्या जाण्याने मागे राहिलेल्यांची.

विस्तार सार्वजनिक खर्चाने, तळापासून आणि सर्वांसाठी झाला तर काय होऊ शकते, हे पाहण्यासाठी केरळकडे पाहावे. १८१७ साली त्रावणकोरच्या राणी गौरी पार्वतीबाईंनी, प्रजेच्या शिक्षणाचा सारा खर्च राज्याने सोसावा, असे फर्मान काढले होते. आज रिझर्व्ह बँकेच्या आकडेवारीत केरळातील शेतमजुराचा रोज राष्ट्रीय सरासरीच्या दुपटीहून अधिक आहे आणि आपला महाराष्ट्र, देशातील धनवंत राज्यांत गणला जाऊनही, त्या सरासरीच्या खाली आहे. आखाती देशांतून येणारा पैसा आणि मजूर संघटनांचे बळ यांचाही त्यात वाटा आहे, आणि शिकलेल्या तरुणांची बेकारी तेथेही आहेच. परंतु फावडे मारणाऱ्या माणसाला तेथे जो भाव आणि जी प्रतिष्ठा आहे, ती सर्वांच्या शाळेवाचून आली नसती, असे मला निश्चित वाटते.

मुलींच्या बाबतीत हा हिशेब केवळ मजुरीने मांडू नये. शाळेत टिकलेली मुलगी उशिरा लग्न करते, तिची मुले अधिक जगतात व अधिक शिकतात, आणि हे सर्व ती पगार आणो वा न आणो, घडते. २०२४-२५पासून आठ लाखांपेक्षा कमी उत्पन्नाच्या घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शुल्कमाफी देण्याचा जो निर्णय राज्याने घेतला, तो म्हणून स्वागतार्ह आहे. मात्र त्या निर्णयापर्यंत पोहोचण्यासाठी मुलीला आधी बारावी व्हावे लागते, आणि बारावीची वाट वस्तीवरच्या चौथीच्या शाळेतून जाते. वीसपेक्षा कमी पट असलेल्या सुमारे पंधरा हजार शाळा आपल्या राज्यात आहेत. त्या मिटवून समूह शाळा करण्याची तजवीज २०२३ साली पुढे आली. कागदावर ती काटकसरीची दिसते. परंतु शाळा पाच किलोमीटर लांब गेली की पहिल्याने घरी बसते ती मुलगी, आणि घरी बसलेली मुलगी दोन वर्षांत रानात खुरपे घेऊन दिसते. दप्तरात तेवढी काटकसर नोंदली जाते. रानात खुरपणारे दोन हात वाढले आणि शेजारणीचा रोज तेवढ्याने पडला, याची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही.

बीड, अहिल्यानगर, जालना या जिल्ह्यांतून दसरा-दिवाळीच्या दरम्यान ऊसतोडीची कुटुंबे निघतात. नवराबायको मिळून एक कोयता, मुकादमाने दिलेली उचल, आणि पाठोपाठ त्यांची मुले. शाळेचे निम्मे वर्ष या मुलांचे फडात जाते, आणि पुढे त्यांच्याही हातात कोयताच येतो. दर टनाला काय मिळावे याची बोलणी साखर कारखान्यांशी होतात तेव्हा तोडणी मजुरांच्या संघटनेच्या मागे किती बळ आहे, हे यावरच अवलंबून असते की, दुसरी वाट नसलेले किती हात पुढच्या हंगामाला तयार होत आहेत. ही मुले गावीच आजीआजोबांजवळ राहून शिकावीत म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आहे. २०२१ साली राज्याने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे उभारण्याचा निर्णयही घेतला आहे. योजनेची उणीव नाही. हंगामी वसतिगृहाची मंजुरी ट्रक गावातून निघण्यापूर्वी आली तरच ती मंजुरी. ट्रक निघून गेल्यावर आलेल्या कागदाने एकही मूल मागे राहत नाही.

ज्या वाचकांच्या तालुक्यातून ही कुटुंबे जातात त्यांनी यंदा दसऱ्यापूर्वी आपल्या गटशिक्षणाधिकाऱ्याच्या कचेरीत जाऊन एवढेच विचारावे की, आपल्या तालुक्यातील किती गावांत हंगामी वसतिगृह मंजूर झाले आहे आणि त्याची चूल कोणत्या तारखेला पेटणार आहे; आणि तारीख मिळेपर्यंत तेथून उठू नये.